कोल्हापूरहून टेक्सासला येणाऱ्या नेमबाज भावाला: हरणासाठी कुठली रायफल, कुठलं काडतूस

भावा,

तू विचारलंस ते असं: एल-१ व्हिसावर सॅन अँटोनियोला बदली होतेय, दुधाळीच्या रेंजवर सहा वर्षं एअर रायफल आणि .२२ चालवलीयस, इकडं आल्यावर हरणाच्या शिकारीला जायचंय. आणि कुणीतरी सांगितलंय की सरळ .३०० विन्चेस्टर मॅग्नम या ताकदवान काडतुसाची रायफल घे, म्हणजे कुठल्याच जनावराला कमी पडणार नाही.

ती घेऊ नकोस. का ते सांगतो, पण आधी कागदपत्रांचं बघू, कारण तिथं चूक झाली तर रायफल राहील बाजूला आणि व्हिसाच जाईल.

एल-१, एच-१बी, एफ-१ हे सगळे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ‘नॉन-इमिग्रंट’, म्हणजे कायमचे राहायला न आलेले, धरतात. अशा माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. विकत घेणं सोड, रेंजवर मित्राची रायफल दोन मिनिटं हातात घेतली तरी ते त्यातच आलं. आपल्या कामाचा अपवाद एकच: कुठल्या तरी राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. टेक्सासचं लायसन्स १ सप्टेंबरला सुरू होतं आणि ३१ ऑगस्टला संपतं. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी तुझ्या कपाटात रायफल असेल आणि नवं लायसन्स काढायचं राहून गेलं असेल, तर १ सप्टेंबरला तू गुन्हेगार. मी फोनमध्ये २० ऑगस्टचा गजर लावून ठेवलाय. इथं सहा महिने सलग राहिल्याशिवाय रहिवाशाच्या दरात लायसन्स मिळत नाही. तोवर बाहेरच्यांसाठीचं महागडं घ्यावं लागेल. तुझा जन्म २ सप्टेंबर १९७१ नंतरचा असणारच, त्यामुळं हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागेल. तो ऑनलाइन होतो. रानडुकराला खासगी जमिनीवर लायसन्स लागत नाही, असं तुला इथं सगळे सांगतील. ते खरं आहे, पण ते त्यांच्यापुरतं. तुला ते खिशात हवंच, कारण बंदूक हातात धरायचा तुझा हक्कच त्या कागदावर उभा आहे. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घे, लाजू नकोस.

आता रायफल.

मी शिवाजी पेठेतला. शिकार म्हणजे काय, तर न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये भुसा भरलेली जनावरं बघितलेली आणि शाहू महाराजांच्या चित्त्यांच्या गोष्टी ऐकलेल्या. १९७२ च्या कायद्यानंतर आपल्या पिढीनं शिकार कुठं बघायची? गावाकडं पीकसंरक्षणाच्या लायसन्सवर कुणाची तरी बारा बोअर, एखाद्याची .३१५, एवढीच ओळख. त्यामुळं इथं आल्यावर दुकानदारानं जे सांगितलं ते मी खरं मानलं आणि .३०० मॅग्नम घेऊन आलो.

पहिल्याच मोसमात एक चितळाची मादी (चितळ इथं कुठून, ते पुढं सांगतो) ९० यार्डावर आडवी उभी होती. ९० यार्ड म्हणजे तुझ्या ५० मीटरच्या दुप्पटही नाही. पण त्या रायफलचा धक्का .३०८ या साध्या काडतुसाच्या जवळजवळ दीडपट, आणि रेंजवर वीस-पंचवीस गोळ्या मारून माझ्या खांद्यानं तो धसका घेतलेला. घोडा दाबायच्या आधीच अंग आखडलं. गोळी पाठीमागं सरकली, पोटात लागली. ती उभी होती तिथं जाऊन बघितलं तर गवतावर रक्त असं नव्हतंच. हिरवट, ओलसर काहीतरी आणि त्याचा आंबूस वास. फुफ्फुसात गोळी लागली की रक्त गुलाबी, फेसाळ असतं आणि जनावर शंभर पावलांच्या आत पडतं. हिरवं दिसलं की पोट फुटलंय, आणि मग लगेच मागं पळायचं नसतं, चार-सहा तास थांबायचं असतं, नाहीतर ते उठून आणखी लांब जातं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी पळालो. जमीनमालकाचा कुत्रा घेऊन रात्री अकराला ती सापडली, तेव्हा ती जिवंत होती. पुढच्या आठवड्यात मी ती रायफल विकली.

म्हणून सांगतो, .३०८ विन्चेस्टर घे. १९५२ सालचं काडतूस आहे, इथल्या कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतं, धक्का सोसण्यासारखा. १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला साधारण २८२० फुटांनी सुटते. २०० यार्डावर गोळी बरोबर नेमावर लागेल असा स्कोप लावलास तर १०० ला दोन इंच वर आणि ३०० ला आठेक इंच खाली लागते. इथल्या हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, दोनशेच्या पुढं बघायची वेळ क्वचितच येते, बहुतेक शिकार शंभर-सव्वाशे यार्डाच्या आतच होते.

‘ग्रेन’ म्हणजे काय, हे तू विचारलंयस. गुजरीतल्या सराफांचा जुना हिशोब लाव: एक जुना तोळा (आताचा दहा ग्रॅमचा नव्हे) म्हणजे १८० ग्रेन. १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा शिसं, आणि १५० ग्रेनची म्हणजे पाऊण तोळ्याहून थोडी जास्त. काडतूस आणि गोळी यात घोळ करू नकोस. काडतूस म्हणजे पितळी टोपण, दारू, गोळी सगळं मिळून. गोळी म्हणजे फक्त उडून जाते ती. .३०८, .३०-०६ आणि .३०० मॅग्नम या तिन्हींची गोळी एकाच जाडीची. फरक मागच्या टोपणाचा: .३०८ चं ५१ मिलिमीटर लांब, .३०-०६ चं ६३. दारू वाढते, वेग वाढतो, धक्काही वाढतो. नळीवर जे कोरलंय तेवढंच काडतूस त्या रायफलीत घालायचं. .३०० ब्लॅकआउट नावाचं काडतूस .२२३ च्या रायफलीत बसतं, आणि घोडा दाबला की रायफल हातातच फुटते. रेंजवर मित्राचा डबा आणि तुझा डबा एका टेबलावर ठेवू नकोस.

.३०८ चाही धक्का बोचत असेल तर .२४३ किंवा ६.५ क्रीडमोर. क्रीडमोर २००७ चं, सध्या सगळ्यांच्या हातात तेच आहे, आणि चांगलं आहे. हिल कंट्रीतला व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं इथलं हरण, तसा लहानखुरा. चितळाचा नर मात्र अंगानं मोठा. हो, आपलं ताडोबातलं ठिपक्यांचं चितळ! १९३२ मध्ये इथं आणलं, आता हिल कंट्रीत मोकाट वाढलंय. परदेशी जनावर म्हणून त्याला इथं मोसमाचं बंधन नाही, वर्षभर चालतं. पहिल्यांदा दुर्बिणीत त्याच्या पाठीवरचे ठिपके दिसले तेव्हा माझा हात थांबला होता. तुझाही थांबेल, थांबू दे. तुझ्या .२२ चा इथं उपयोग सरावापुरताच. त्या जातीच्या (रिमफायर) काडतुसानं व्हाइटटेल मारणं टेक्सासात बेकायदा आहे.

कॅलिबरवर लोक तासन्‌तास बोलतात, पण गोळीच्या बांधणीवर बोलत नाहीत, आणि जनावर मरतं ते त्या बांधणीमुळं. स्वस्तात मिळते म्हणून पूर्ण तांब्याचं कवच असलेली, लष्करी धाटणीची एफएमजे गोळी शिकारीला नेऊ नकोस. ती दाभणासारखी आरपार जाते, उमलत नाही, आणि जखमी जनावर रानात फिरत राहतं. कागदावर भोकं पाडणारी मॅच गोळीही नको, ती कधी फुटते कधी नाही. टोकाला शिसं उघडं असलेली साधी सॉफ्ट पॉइंट हरणाला पुरेशी आहे. मी आता अख्ख्या तांब्याची वापरतो, बार्न्सची, कारण शिशाची गोळी मांसात बारीक कणांनी पसरते आणि माझ्या घरात दोन लहान मुलं जेवतात. शिशाची वापरलीस तर जखमेभोवतीचं वीतभर मांस कापून टाक, हळहळू नकोस. डबा निवडलास की तोच ब्रँड, तेच वजन. बदललंस तर स्कोप पुन्हा लावावा लागतो.

नेम कुठं धरायचा? पुढच्या पायाच्या मागं, खालून एक तृतीयांश उंचीवर. तिथं चहाच्या बशीहून थोडी मोठी जागा असते, हृदय आणि फुफ्फुस. जनावर आडवं उभं असेल तरच मारायचं. समोरून तोंड करून उभं असेल तर थांब.

सराव करताना बाकावर वाळूच्या पिशवीवर टेकून मारलेल्या गोळ्या मोजू नकोस. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या तीन पोझिशनवर कांस्य आणलं, त्यातल्या गुडघ्यावरच्या पोझिशनला इथं खरा भाव आहे. आडवं पडलं तर गवतातून दिसत नाही, उभ्यानं नळी हलते. त्या पोझिशनमध्ये पाचपैकी पाच गोळ्या त्या बशीत बसतात ते अंतर म्हणजे तुझं अंतर. मग ते ८० यार्ड निघालं तरी ८० च.

एक गोष्ट कुणी सांगणार नाही. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कायमची वेगळी ठेव. कोल्हापूरला सुट्टीवर येताना कप्प्यात एक जिवंत काडतूस जरी राहिलं, तरी विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि ‘चुकून राहिलं’ म्हटलं तरी तिथल्या तिथं सुटका होत नाही.

येताना घरची कांदा-लसूण चटणी दोन किलो आण. चितळाच्या मांसाला चरबी नसते, तांबडा करताना तेल थोडं जास्त आणि आच मंद ठेवावी लागते. हाडांचा पांढरा फार छान होतो.

लायसन्स हातात पडलं की कळव. माझी .३०८ त्या दिवशी तुझ्या हातात देईन, त्याच्या आदल्या दिवशी नाही.