लिस्ट छान आहे, आता त्यातल्या तारखा खोड

अरे,

तुझी नवीन वर्षाच्या संकल्पांची लिस्ट मिळाली, दोनदा वाचली. मार्चमध्ये ५ किमी, मेमध्ये फुटबॉलची टूर्नामेंट, जूनमध्ये १० किमी, डिसेंबरला हाफ मॅरेथॉन, शिवाय १०० किलोचा स्क्वॉट आणि वरून आठ किलो वजन कमी. आणि हे सगळं कोणत्या गुडघ्यावर, तर ज्याच्यात ऑक्टोबरच्या शेवटी नवीन लिगामेंट बसवलंय त्या. उत्साह आहे ते चांगलंच आहे, तोंड पाडून बसण्यापेक्षा हे कधीही परवडलं, पण वाचताना मला वाटलं की ही लिस्ट ऑपरेशन झालेल्या मुलाची नाहीच, गेल्या वर्षीचीच आहे, वरचं साल फक्त बदललंय.

तर सरळ सांगते. दुखापत झालेल्या भागासाठी तारीख लिहायची नाही, अट लिहायची. "मार्चमध्ये पळणार" असं नको. "सूज नाही, पाय पूर्ण सरळ होतोय, जिना उतरताना हात कठड्याकडे जात नाही आणि फिजिओ हो म्हणालेत, की मग पळणार" असं लिही. मग तो मार्च असेल नाहीतर मे. तारखेचं काय होतं माहितीये, ती जवळ आली की माणूस गुडघ्याशी घासाघीस करायला लागतो, थोडीशीच सूज आहे, गोळी घेतली की उतरते, एवढी फी भरलीये, बाकीचे सगळे येतायत, आणि असं करत करत तो स्टार्ट लाइनवर जाऊन उभा राहतो.

तुला आत्ता बरं वाटतंय ना, खरी गोम तिथेच आहे. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या त्या लिगामेंटच्या ऑपरेशनमध्ये जो ग्राफ्ट (तुटलेल्याच्या जागी बसवलेलं नवीन लिगामेंट) लावतात तो लावला त्या दिवशी चांगला दणकट असतो, पण नंतर शरीर त्याला नव्याने घडवायला घेतं, आतल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि या सगळ्या उलथापालथीत पहिल्या काही महिन्यांत तो उलट कमकुवत होतो. नेमकं त्याच काळात दुखणं थांबलेलं असतं, चालणं नॉर्मल झालेलं असतं, आणि घरचे पण म्हणायला लागतात की झालास की बरा. दुखत नाही म्हणजे भरून आलं, असं लिगामेंटच्या बाबतीत धरून चालता येत नाही.

मेची टूर्नामेंट मात्र खोडच, यावर चर्चा नको. २०१६ मध्ये एसीएलच्या पेशंट्सवर एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की खेळात परतायला जितका उशीर केला तितकी गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याची शक्यता घटत गेली, दर महिन्यामागे साधारण ५१ टक्क्यांनी, आणि हे नवव्या महिन्यापर्यंत. तुझे नऊ महिने जुलैच्या शेवटी भरतात. म्हणजे ऑगस्टमध्ये खेळणार असं नाही हां, नऊ महिने ही कमीत कमी वेळ झाली, त्याच्यावर ताकदीच्या आणि उड्यांच्या टेस्ट आहेतच. फुटबॉलमध्ये वळायचं असतं, थांबायचं असतं, समोरचा येऊन आदळणार असतो, ते सरळ रस्त्यावर पळण्यासारखं नाही.

मग पहिल्या तीन महिन्यांच्या रकान्यात काय लिहायचं? बोअर वाटतील अशाच गोष्टी आहेत, पण वर्ष त्यांच्यावरच उभंय. एक म्हणजे गुडघा सरळ होणं. पलंगावर पालथा झोप, मांड्या पलंगावर, गुडघ्याखालचे पाय कडेच्या बाहेर, आणि कोणाला तरी मागून टाचा बघायला सांग. ऑपरेशनवाली टाच वर राहिली तर तो पाय अजून पूर्ण सरळ होत नाहीये, साधारण एक सेंटीमीटर फरक म्हणजे एक डिग्री धर. वाकवायच्या मागे सगळे लागतात, सरळ करायचं राहून जातं, आणि मग लंगडत चालायची सवय लागते ती लागतेच. दुसरं मांडी. पाय लांब करून बस, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, ती खाली दाब आणि गुडघ्याच्या वाटीकडे बघ, वाटी मांडीच्या दिशेने वर सरकली पाहिजे. सरकत नसेल किंवा नुसती थरथरत असेल तर मांडीचा स्नायू अजून नीट जागा झालेला नाही, सांध्यात सूज असली की तो असा झोपतोच, तुझ्या आळसाचा त्यात संबंध नाही. मेजर टेप घेऊन वाटीच्या वर १५ सेंटीमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोज आणि लिहून ठेव. फरक बघून घाबरू नकोस, असतोच.

सूज हा तुझा खरा कोच. व्यायाम करताना दुखणं दहापैकी दोन-तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जात असेल तर बहुतेक वेळा चालतं. पण सकाळी गुडघा टम्म दिसला तर काल जास्त झालं, विषय संपला, आज कमी करायचं. आणि गुडघा अडकला किंवा पाय सटकल्यासारखा झाला तर मला मेसेज टाकत बसू नकोस, डॉक्टरांना फोन कर.

आता एक गोष्ट जी बरेच जण विसरतात, चांगला पाय. टेस्ट करताना म्हणतात की ऑपरेशनवाल्या पायाची ताकद चांगल्याच्या ९० टक्के तरी हवी. पण सहा महिने बसून चांगला पायही ढिला पडला असेल तर त्या ढिल्याच्या ९० टक्के गाठून काय मिळवलं? म्हणून त्याचा व्यायाम आजपासून चालू ठेव आणि त्याचे आकडे आत्ताच लिहून घे. शिवाय एका बाजूचा व्यायाम केला की दुसऱ्या बाजूलाही थोडी ताकद मिळते, हे शंभरेक वर्षांपूर्वीपासून माहिती आहे, मज्जासंस्थेची कमाल.

तारखांची हौस असेल ना तर ती कमरेच्या वर भागव. तिथे काही बिघडलेलं नाही. जूनपर्यंत सलग दहा पुलअप्स लिही, माझी काही हरकत नाही. फक्त बारवरून खाली उडी मारायची नाही, पायाखाली स्टूल ठेव आणि त्याच्यावर चांगला पाय आधी टेकव (हसू नकोस, दहा पुलअप्सच्या आनंदात हेच डोक्यातून जातं).

पळणं सुरू होईल तेव्हा एक मिनिट पळ, चार मिनिटं चाल, असं. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, आधी वेळ, स्पीड खूप नंतर. २१ किमी यावर्षी नकोच असं मी म्हणत नाही, पण लिस्टमध्ये सगळ्यात शेवटी टाक, पेन्सिलने. नीरज चोप्राचंच बघ, मे २०१९ मध्ये कोपराचं ऑपरेशन, त्यामुळे त्या वर्षीची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली, आणि जानेवारी २०२० मध्ये आला तो ८७.८६ मीटर फेकून थेट ऑलिंपिकला क्वालिफाय झाला. त्याचं कोपर होतं, तुझा गुडघा आहे, महिने मोजून तुलना करू नकोस, पण एक मोठी स्पर्धा सोडून द्यायला तोही तयार झाला होता एवढं लक्षात घे.

वजन कमी करायचं सध्या काढून टाक. मांडी परत भरायचीये आणि त्याच वेळी पोटाला चिमटा काढायचा, जमत नाही ते. उलट किडनीचा काही त्रास नसेल तर वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन रोज पोटात जातंय का ते बघ, आणि झोप. ताकद आली, टेस्ट पास झाल्या आणि तरी त्या पायावर लँड व्हायला मन धजत नसेल तर तेही लिस्टमध्ये लिही, "भीती गेली का" हा पण एक रकानाच आहे, खेळात परतण्याआधी त्याचीही प्रश्नावली भरून घेतात.

पुढच्या भेटीत फिजिओंना विचार की मांडीची ताकद मोजायचं मशीन आहे का, नसेल तर लेग प्रेसवर एकेका पायाने मोजून देतील का, आणि पळायची परवानगी द्यायला ते नेमकं काय काय बघतात. त्यांचं उत्तर तू लिहिलेल्या अटींपेक्षा वेगळं निघालं तर त्यांचं ठेव, माझं खोड. मांड्यांचे आकडे रविवारी पाठव, दोन्हीचे.

तुझी ताई