जेनेटिक्स व्हायव्हापुरतं ठेवू नकोस

एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला जेनेटिक्स (आनुवंशिकतेचं शास्त्र) ॲनाटॉमीच्या दोन-चार लेक्चरांत उरकतात, म्हणून आपणही ते ऑप्शनला टाकतो. तू टाकू नकोस. पॅथॉलॉजी, पेडियाट्रिक्स, सगळीकडे ते पुन्हा भेटतं.

एकच आजार धर आणि मुळापर्यंत जा. मी सिकलसेल धरला, रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भात पेशंटना तोटा नाही. ११व्या क्रोमोसोमवरच्या बीटा ग्लोबिन जीनमध्ये (हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारा जीन) एक अक्षर बदलतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एवढं डोक्यात बसलं की सोल्युबिलिटी टेस्टला (बदललेलं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगणारी चाचणी) वाहक (बदललेला जीन एकाच पालकाकडून आलेला) आणि रुग्ण (दोघांकडून आलेला) वेगळे का ओळखता येत नाहीत, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं इलेक्ट्रोफोरेसिस का लागतं, हे निराळं घोकावं लागत नाही.

पेडिग्री (आजार कुणाकुणात आला ते दाखवणारी वंशावळ) मात्र हाताने काढ. आधी स्वतःच्या घराची. (आमच्याकडे मामेबहिणीशी झालेली लग्नं मोजून मीच गार पडलो.)

आईबाप दोघे वाहक असतील तर मूल आजारी असण्याची २५ टक्के शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने असते. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ असं मानणारे आईबाप ओपीडीत भेटतील. त्यांना हे साध्या मराठीत सांगायची तालीम आत्तापासून रूममेटवर कर.