फिरतीच्या नोकरीत, लॉज-हॉटेलात राहून व्यायाम कसा टिकवायचा?

तुम्ही विचारलंय की महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर जातात, घरी असताना जिम नीट चालते आणि बॅग भरली की सगळं मोडतं, तर मुक्कामात काय करावं.

मी पंपांच्या कंपनीत सर्व्हिसला आहे. आमची गिऱ्हाइकं बहुतेक साखर कारखाने. त्यामुळे गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून मार्चपर्यंत आज अकलूज, परवा श्रीरामपूर, मग अंबाजोगाई असं चालू असतं. मुक्काम कधी कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये, पण जास्त करून एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर. तेव्हा माझं उत्तर मुख्यतः लॉजवाल्यांसाठी आहे. जिम असलेल्या हॉटेलांचं खाली थोडक्यात लिहितो.

सगळ्यात आधी वेळ ठरवा आणि ती अंघोळीच्या आधीची ठरवा. दौऱ्यावर संध्याकाळ आपली नसते. मशीन बंद पडलं तर रात्रीचे दहा वाजतात, आणि चालू झालं तर चीफ इंजिनियर म्हणतात, "आता जेवूनच जावा." तुमचं काम विक्रीचं असेल तर डीलर सोडत नाही. संध्याकाळी रूमवर जाऊन करू असं म्हणणारे माझ्या ओळखीतले सगळे फक्त म्हणतातच. सकाळची वेळ मात्र लॉजवालाच बांधून देतो. रिसेप्शनच्या मागे पाटी असते, 'गरम पाणी सकाळी ६ ते ९'. नऊच्या आत अंघोळ व्हायलाच हवी, म्हणजे साडेआठपर्यंत व्यायाम उरकायलाच हवा. चहासुद्धा त्यानंतर. एकदा का खाली चहाला उतरलात की वर पेपर येतो, पेपरबरोबर फोन येतो आणि मग थेट गाडीत बसायची वेळ होते.

दुसरं, दौऱ्यावर ताकद वाढवायच्या भानगडीत पडू नका, आहे ती सांभाळा. सांभाळायला फार थोडं पुरतं. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात एक अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. त्यात लोकांकडून १६ आठवडे, आठवड्याला तीन दिवस पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतला आणि पुढचे ३२ आठवडे काहींचा व्यायाम एकतृतीयांशावर, काहींचा थेट एकनवमांशावर आणला. तरुणांनी तेवढ्यावरही कमावलेलं टिकवलं. साठीच्या पुढच्यांची ताकद बरीचशी टिकली, स्नायूंचा आकार मात्र थोडा उतरला. म्हणजे घरी तासभर घाम गाळत असाल तर लॉजवर वीस मिनिटांत काम भागतं. दमसासाचं तसं नाही. धावणं-चालणं पूर्ण सोडलं तर दोन-तीन आठवड्यांत दम कमी झालेला कळतो, त्यामुळे चालायची सोय वेगळी बघावी लागते. ती पुढे सांगतो.

आता रूम. लॉजच्या खोलीत पलंग आणि टीव्हीचं कपाट यांच्यामध्ये दोन-अडीच फुटांची पट्टी असते. लांबी दारापासून खिडकीपर्यंत, माणूस आडवा मावेल एवढी. एवढ्यात सूर्यनमस्कार बसतो, कारण त्याला लांबी लागते, रुंदी लागत नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले, त्यालाही साधन लागलं नव्हतंच. बारा नमस्कार सावकाश घातले की पाच-सहा मिनिटं जातात आणि अंग मोकळं होतं. मी ते वॉर्मअप म्हणून धरतो. त्यानंतर जोर, बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि कोपरांवर प्लँक. हे चार प्रकार एकामागून एक, असे तीन फेरे. फेऱ्यांच्या मध्ये खिडकी उघडून उभं राहायचं, तेवढीच विश्रांती.

बैठका सोप्या वाटायला लागल्या तर पाठीला सॅक लावा. लॉजवर पाण्याच्या सीलबंद बाटल्या मिळतात. लिटरची एक म्हणजे किलोभर वजन. सहा बाटल्या आणि लॅपटॉप मिळून आठ किलो सहज होतात. बाटल्यांच्या मध्ये टॉवेल कोंबा, नाहीतर त्या सॅकमध्ये हलतात आणि तोल जातो. तरीही सोपं वाटत असेल तर मागचा पाय पलंगाच्या कडेवर ठेवून एकेका पायावर बैठक मारा. त्याला बाटल्याही लागत नाहीत. पलंग भिंतीला टेकलेला आहे ना, एवढं बघून घ्या. खुर्चीवर मात्र भरवसा ठेवू नका. चाकांची असेल तर सरकते, प्लास्टिकची असेल तर पाय फाकवते. दाराच्या कडीला टॉवेल अडकवून ओढायचे व्हिडिओ फिरतात, तेही लॉजच्या दारावर करू नका. ती कडी आधीच दोन स्क्रूवर लटकत असते.

फरशी गुळगुळीत असते. पलंगावरची चादर खाली अंथरून जोर काढले की हात पुढे सरकतात आणि तोंड आपटायची पाळी येते. चादर पाठीखाली घ्या, तळहात मात्र थेट फरशीवर ठेवा. मी घरून सोलापुरी चादर नेतो. जाड असते, घडी घातली की पाठीला टोचत नाही आणि रात्री एसी बंद होत नसेल तर पांघरायलाही होते. उड्या मारायचे प्रकार, दोरी वगैरे, खोलीत नकोच. खालच्या रूममधला माणूस रात्री दोनला बसमधून उतरून झोपलेला असतो. तो रिसेप्शनला फोन लावतो आणि मग वेटर दार वाजवतो.

खोलीत एका गोष्टीची उणीव राहते. ढकलायचे व्यायाम भरपूर होतात, ओढायचे होत नाहीत. दिवसभर गाडी चालवून, लॅपटॉपवर वाकून खांदे पुढे आलेले असतात, त्यामुळे ओढायचा व्यायाम तर जास्तच हवा. माझ्याकडे पान्यांची बॅग असते, चांगली जड. कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून, एका हाताने पट्टा धरून ती बरगडीपर्यंत ओढायची. तुमच्याकडे सॅम्पलची बॅग असेल किंवा तीच बाटल्यांची सॅक असेल तरी चालेल. पण खरं काम सिंगल बारवर होतं, आणि त्यासाठी बाहेर पडावं लागतं.

बाहेर कुठे जायचं, हे मॅनेजरला विचारताना 'जॉगिंग ट्रॅक कुठाय' असं विचारू नका. तो भिंतीकडे बघतो. 'भरतीची पोरं कुठं पळतात?' असं विचारा. तालुक्याच्या कुठल्याही गावात याचं उत्तर लगेच येतं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्याची तयारी करणारी पोरं पहाटे साडेपाचला तालुका क्रीडा संकुलावर, नाहीतर एखाद्या कॉलेजच्या मैदानावर जमलेली असतात. चुन्याची फक्की मारून ट्रॅक आखलेला असतो, कडेला पाइप वेल्डिंग करून बनवलेला बार असतो, आणि मुख्य म्हणजे माणसं असतात. अनोळखी गावात अंधारात एकट्यानं पळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बाईमाणसांना तर मी हेच सांगेन, कारण भरतीच्या मैदानावर मुलीही असतात आणि बहुधा एखादे सर शिट्टी घेऊन उभे असतात. आतल्या लेनमधून चालू नका, तिथे सोळाशेचं टायमिंग लावलेलं असतं. बाहेरच्या कडेनं चाला, कुणी काही बोलत नाही. उलट दुसऱ्या दिवशी "काका, आज उशीर?" असं ऐकायला मिळतं.

बागेतली ओपन जिमही असते. त्यातली निम्मी यंत्रं जाम झालेली आणि उरलेल्यांवर आजोबा बसलेले. बार चांगला असेल तर तेवढा वापरा.

रस्त्यावर मात्र पहाटे पळू नका, निदान आमच्या ऊसपट्ट्यात हंगामात तरी नाहीच. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, आणि ड्रायव्हर रात्रभर जागा. कारखान्याच्या आवारात असाल तर चिमणीचा वारा कुठल्या बाजूला जातोय ते बघा. रात्री उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर काळी काजळी बसलेली दिसली तर त्या बाजूला धावायला जाऊ नका, ती छातीत जाते. कॉलनीच्या, शाळेच्या बाजूला साधारण हवा बरी असते.

काही गावं या बाबतीत नशीबवान आहेत. साताऱ्यात मुक्काम असेल तर अजिंक्यतारा चढा, सकाळी अर्धा गाव तिथे असतो. नाशिकला पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठामागे गोगाबाबा टेकडी, कोल्हापूरला रंकाळा, नागपूरला फुटाळा तलाव. चढ मिळाला की थोड्या वेळात जास्त दम लागतो, म्हणून सपाटीपेक्षा मला टेकडी आवडते.

वेळ तुकड्यातुकड्यात मिळत असेल तर तेही चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. आधी त्यात अट होती की सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवीत. २०२० साली ती अट काढली. त्यामुळे कारखान्यात पॅन स्टेशनवर, म्हणजे रस आटवून साखर करतात त्या वरच्या मजल्यावर, जिने चढून जाणंही हिशोबात धरा, लिफ्ट सोडून पायऱ्यांनी जाणंही धरा. साइटवरच्या चहाचा हिशोब मात्र वेगळा. साखर कारखान्यात बिनसाखरेचा चहा मागितला की सगळी केबिन वळून बघते. मी अर्धा कप घेतो.

पहिल्या सकाळी हात राखून करा. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही ही नुसती तक्रार नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा जागता राहतो. त्यामुळे पहिल्या दिवशी मी फक्त नमस्कार घालतो आणि चालतो, जोर-बैठका दुसऱ्या दिवसापासून. स्लीपर बसमधून उतरलात तर उतरल्या उतरल्या वाकून पायाचे अंगठे धरायला जाऊ नका. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाण्यानं फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. अर्धा-पाऊण तास चाला, मग काय ते करा. चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास असेल तर मध्ये उतरून फिरा, बसल्या जागी टाचा वर-खाली करत राहा. पोटऱ्यांत रक्त साकळायचा धोका अशा प्रवासात वाढतो. आणि लॉजच्या जेवणानं पोट बिघडलं असेल तर त्या दिवशी सुट्टी. ओआरएस प्या आणि झोपा.

कपड्यांमुळे बऱ्याच जणांचा व्यायाम बुडतो आणि ते कुणी सांगत नाही. बूट अर्धी बॅग खातात आणि घामाच्या टी-शर्टचा वास सगळ्या कपड्यांना लागतो. बूट बॅगेत भरायचेच नाहीत, प्रवासात पायात घालायचे आणि कामाचे बूट गाडीत ठेवायचे. खोलीतला व्यायाम अनवाणीच बरा. टी-शर्ट कॉटनचा नको, पातळ पॉलिस्टरचा घ्या. अंघोळीच्या वेळीच धुवून, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा आणि पंख्याखाली टांगा. दुसऱ्या सकाळपर्यंत वाळतो. असे दोन पुरतात.

पुण्या-मुंबईत कंपनी मोठ्या हॉटेलात उतरवते तेव्हा जिम असते. बहुतेक ठिकाणी दोन ट्रेडमिल, एक सायकल आणि डंबेल. ट्रेडमिलवर वेळ घालवू नका, चालणं बाहेरही होतं. खोलीत न होणारे ओढायचे व्यायाम तिथे करून घ्या. वेळ चेक-इनलाच विचारा, काही ठिकाणी किल्ली रिसेप्शनवर असते आणि सात वाजेपर्यंत ती कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं. जिन्यानं चढ-उतार करणार असाल तर फायर एक्झिटचं दार आधी तपासा. पुष्कळ हॉटेलांत ते मजल्यावरून जिन्यात उघडतं, जिन्यातून परत मजल्यावर उघडत नाही. मग घामाघूम अवस्थेत तळमजल्यावर मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांपाशी बाहेर पडावं लागतं आणि लॉबीतून सगळ्यांसमोरून परत वर यावं लागतं.

दौरा आठ-दहा दिवसांचा झाला असेल तर घरच्या जिमला पहिल्या दिवशी नेहमीच्या दोन-तृतीयांश वजनावर करा. ताकद गेलेली नसते, पण सवय मोडलेली असते, आणि पूर्ण वजन घेतलं तर पुढचे तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तिसऱ्या खेपेपर्यंत जुन्या आकड्यावर येता. मधल्या दिवसांची भरपाई म्हणून एकाच दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, विशेषतः पुन्हा सोमवारी गाडीत बसायचं असेल तर.