पतपेढीचं लोन काढून इंटर्नशिप करू का?

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात टीवाय बीएला आहे, इकॉनॉमिक्स. पुढे यूएनसारख्या ठिकाणी डेव्हलपमेंटचं काम करायचंय. पुण्याच्या एका एजन्सीने काठमांडूला चार आठवड्यांची इंटर्नशिप सांगितलीय, अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवायचं, 95 हजार रुपये, त्यात राहणं-जेवण, व्हिसा असिस्टन्स, सर्टिफिकेट सगळं आलं. पप्पा पतपेढीतून लोन काढायला तयार आहेत. दोनच सीट राहिल्यात म्हणे. जाऊ का?

उत्तर : पप्पांना म्हणावं तूर्त पतपेढीची पायरी चढू नका. अगं, नेपाळला जायला भारतीय माणसाला व्हिसाच लागत नाही, मग हे असिस्टन्स कसला देणारेत? इथेच मला शंका आली. आणि दोन सीट म्हणशील तर त्या पुढच्या महिन्यातही दोनच असतील.

पण पैशापेक्षा मला ते अनाथाश्रम जास्त खटकतंय. नेपाळमधल्या अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, शिक्षणाचं आमिष दाखवून खेड्यातून पोरं आणतात, कारण ती दिसली की परदेशी पाहुणे पैसे देतात. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा तिथल्या संसदेत या धंद्याचीही चर्चा झाली होती. शिवाय दर महिन्याला नवी ताई येणार, लळा लावणार आणि निघून जाणार, त्या लेकरांचं काय होत असेल सांग. या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाने सीव्हीत हे वाचलं तर तुझे मार्क वाढायचे नाहीत, कमीच होतील.

आता खऱ्या इंटर्नशिपचं. यूएन कुठल्याच टप्प्यावर अर्जाचे किंवा ट्रेनिंगचे पैसे घेत नाही, कोणी मागितले तर तो फ्रॉड समजायचा. यूएन सेक्रेटरिएटची, म्हणजे यूएनच्या मुख्य कार्यालयाची, इंटर्नशिप दोन ते सहा महिन्यांची असते, डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना किंवा पास होऊन वर्ष न उलटलेल्यांना अर्ज करता येतो, म्हणजे तू बसतेस. पण स्टायपेंड नाही, न्यूयॉर्क-जिनिव्हाचं भाडं आपल्याच खिशातून. 2015 मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडचा 22 वर्षांचा एक इंटर्न तंबूत राहत होता, त्याचे फोटो जगभर छापून आले, नंतर कळलं की लोकांचं लक्ष जावं म्हणून त्याने ते मुद्दाम केलेलं, पण तिथलं भाडं काही खोटं नव्हतं. युनिसेफ स्टायपेंड देतं, डब्ल्यूएचओसुद्धा 2020 पासून देतं. मनिलाची एशियन डेव्हलपमेंट बँकही देते, पण ती मास्टर्स किंवा पीएचडीवाल्यांना घेते, तेव्हा ते एमएला गेलीस की बघू. आणि खरं सांगायचं तर सध्या काळ बरा नाही, अमेरिकेची परदेशांत मदतकार्य करणारी सरकारी संस्था यूएसएड 1 जुलै 2025 ला बंदच झाली, दहा-पंधरा वर्षं काम केलेली माणसं नोकरी शोधतायत, त्यामुळे एका नकाराने खचू नकोस.

मग आत्ता काय करायचं? यूएन व्हॉलंटियर्सचं ऑनलाइन काम बघ, 18 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही घरी बसून करता येतं, भाषांतर, रिपोर्ट, डेटा असलं काहीबाही असतं, पगार नाही पण फीही नाही. आणि परीक्षा झाली की जामखेडला जाऊन ये. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेला आरोग्य प्रकल्प आहे तिथे, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं अशा बायकांना त्यांनी गावची आरोग्य कार्यकर्ती केलं. बाहेरच्या देशातली पोरं विमानाचं तिकीट काढून तिथे शिकायला येतात आणि आपण काठमांडूचं लोन काढत बसलोय! तिथे त्या बायकांशी तुला मराठीत बोलता येईल, परदेशी पोरांना दुभाषा लागतो.

पासपोर्ट मात्र काढून ठेव, साध्याची फी 1500 रुपये आहे, त्याला पतपेढी लागत नाही.