सरासरी फुगते, मध्यक बोलतो

प्रश्न : वृत्तवाहिनी आणि नाट्यसंस्था यांचे वेतन-अहवाल शेजारी ठेवून भेदभाव कुठे कमी आहे, हे ठरवता येते का?

उत्तर : थेट नाही. ब्रिटनमध्ये २०१७ च्या नियमांनुसार २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना स्त्री-पुरुष वेतनातील तफावत जाहीर करावी लागते. मात्र एकदोन नामांकित निवेदकांच्या मानधनाने सरासरी फुगत असल्यामुळे मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातील मधले वेतन, आधी पाहावे. मग वेतनाच्या चारही स्तरांत, म्हणजे वेतनक्रमाने केलेल्या कर्मचाऱ्यांच्या चार समान गटांत, स्त्रिया कुठे आहेत, हे तपासावे : वेशभूषा विभागात त्यांचीच गर्दी आणि निर्मितीप्रमुखांत एखादीच असेल, तर एकूण निम्मे प्रमाण फसवेच म्हणावे लागेल. प्रयोगागणिक मानधन घेणारे कलाकार तर पुष्कळदा या हिशेबात येतच नाहीत.