आगरकरांनी ‘केसरी’ का सोडला आणि संपादक म्हणून त्यांना एवढे मोठे का मानतात?

गोपाळ गणेश आगरकरांनी जम बसलेला ‘केसरी’ का सोडला, आणि जेमतेम चौदा वर्षांच्या संपादकीय कारकिर्दीसाठी त्यांना एवढा मान का मिळतो, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे एका मराठी दैनिकाच्या संपादकीय विभागात काम केले. अग्रलेखाचे पान लावताना यातला पहिला प्रश्न माझ्याही मनात अनेकदा आला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आगरकरांचा जन्म 1856 साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. हालअपेष्टा सोसून ते शिकले, डेक्कन कॉलेजात त्यांची टिळकांशी मैत्री जमली आणि पुढे चिपळूणकर, टिळक यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूलच्या कामात ते पडले. 4 जानेवारी 1881 रोजी ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे संपादकपद आगरकरांकडे आणि इंग्रजी ‘मराठा’चे टिळकांकडे आले. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्यासंबंधी तेथील दिवाण बर्वे यांच्या नावावरची पत्रे या वर्तमानपत्रांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला. पत्रे बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरीही अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि सूट वजा जाता 101 दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढावे लागले. आजही प्रत्येक वर्तमानपत्राच्या अखेरीस बारीक टाइपात संपादकाचे नाव आणि त्याची कायदेशीर जबाबदारी छापलेली असते. वाचक त्या ओळीकडे पाहत नाहीत, पण तिचा अर्थ काय होतो हे आगरकरांना वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळले.

आता मुख्य प्रश्न. ‘केसरी’ हे आगरकरांचे एकट्याचे पत्र नव्हते; ते एका मित्रमंडळाचे होते आणि त्यातले मत हे सगळ्या मंडळाचे मत समजले जाई. राजकारणात या मंडळींचे बहुतांशी जुळत होते, परंतु बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण हे विषय निघाले की वाटा फुटत. पारशी सुधारक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी केलेल्या सूचनांवरून 1884 पासून वाद पेटला, बालपणी लग्न झालेल्या आणि नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याने तो आणखी चिघळला. समाजाला आपणहून सुधारणा जमत नसेल तर सरकारने कायदा करावा, असे आगरकरांना वाटे. परक्या सरकारला घरात हात घालू देऊ नये, अशी टिळकांची भूमिका होती. अशा वेळी संपादकापुढे दोनच मार्ग राहतात: मंडळाचे धोरण आपल्या लेखणीने मांडत राहणे किंवा खुर्ची सोडणे. 1887 साली आगरकरांनी ती सोडली. ते हरले म्हणून गेले, असे काही जण लिहितात. मला ते पटत नाही. स्वतःला अमान्य असलेले मत दर आठवड्याला स्वतःच्या संपादकत्वाखाली छापायचे, हे त्यांना वाचकांची फसवणूक करण्यासारखे वाटले असावे, असे त्यांचे नंतरचे लेखन वाचताना माझे ठाम मत झाले आहे.

वर्षभरात, 1888 च्या ऑक्टोबरात, त्यांनी ‘सुधारक’ काढला. तो मराठी आणि इंग्रजी असा दुभाषी होता आणि इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले पाहत. आगरकरांची खरी थोरवी मला याच काळात दिसते. विधवांच्या केशवपनावर तर ते लिहीतच, पण स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे रोजच्या जगण्यातले विषयही त्यांनी अग्रलेखाच्या योग्यतेचे मानले. पोशाखासारख्या ‘किरकोळ’ गोष्टीमागे कोणता विचार दडला आहे, हे ते कारणे देत, आक्षेप एकेक करून खोडत, वाचकाला पायरी पायरीने दाखवत. संमतिवयाच्या विधेयकाला, ज्याने 1891 मध्ये मुलीशी, ती पत्नी असली तरी, शरीरसंबंध ठेवण्यासाठीची किमान वयोमर्यादा दहावरून बारावर गेली, ‘सुधारक’ने पाठिंबा दिला तेव्हा पुण्यातला बहुसंख्य वाचकवर्ग विरुद्ध बाजूला होता. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली त्यांना पाहावी लागली. वाचक दुखावतील, वर्गणीदार तुटतील, हे त्यांना दिसत होते, तरी लेखनाची धार त्यांनी बोथट केली नाही.

हे सगळे करताना ते पूर्णवेळ संपादक नव्हते, हेही आपण लक्षात घ्यावे. ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवत, 1892 पासून तेथील प्राचार्य होते, आणि दम्याने शरीर पोखरले होते. 17 जून 1895 रोजी, चाळिशीही गाठण्याआधी, ते गेले. इतका वाद होऊनही टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

आज संपादकाची नेमणूक मालक करतो आणि धोरणही बहुधा तोच ठरवतो. आगरकरांसारखे नवे पत्र काढणे प्रत्येकाला शक्य नसते, हे मी जवळून पाहिले आहे. तरी आपल्या सहीच्या मजकुरापुरता आपला शब्द खरा ठेवणे कोणत्याही संपादकाच्या हातात असते. आपण त्यांचे लेखन वाचणार असाल, तर प्रथम ‘सुधारक काढण्याचा हेतू’ हा निबंध घ्यावा. त्यानंतर स्त्रीशिक्षणावरचा लेख वाचावा आणि तुरुंगातल्या दिवसांची हकिकत शेवटी.