डायबिटीसमुळे डोळ्याचा फक्त पडदाच (रेटिना) खराब होतो की कॉर्नियावरही परिणाम होतो?

कॉर्नियावरही होतो. तुम्ही लिहिलंय की वडिलांना बरीच वर्षं डायबिटीस आहे, पडदा दरवर्षी नॉर्मल येतो, तरी डोळे चुरचुरतात, सकाळी धूसर दिसतं आणि डॉक्टरांचं नाव काढलं की ते म्हणतात, "दुखत नाही ना, मग कशाला?" मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासणं हे माझं काम. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे "दुखत नाही".

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरचा पारदर्शक थर, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नसतात, पण नसांचं जाळं प्रचंड दाट असतं. म्हणूनच धुळीचा साधा कण गेला तरी जीव कासावीस होतो. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायांच्या नसांचं जे होतं तेच यांचं होतं. पाय बधिर झाला तर चप्पल कधी निसटली ते कळत नाही, निदान शंका तरी येते. डोळा बधिर झाल्याचं मात्र घरात कोणाच्याच लक्षात येत नाही.

शिवाय या नसांचं काम दुखणं कळवण्यापुरतं नसतं. पापण्यांची उघडझाप, अश्रू, वरच्या थराचं पोषण हे सगळं त्यांच्या जिवावर चालतं. साधा ओरखडा एरवी दोन-तीन दिवसांत भरून येतो. डायबिटीसमध्ये वरचा थर खालच्याला नीट धरून राहत नाही, सहज सुटतो आणि भरायला रेंगाळतो. तेवढ्यात जंतू शिरले तर अल्सर, म्हणजे चिघळलेली जखम होते, आणि ती बरी झाली तरी मागे फूल (पांढुरका डाग) राहू शकतं.

बधिरपणा तपासायची पद्धत अगदी साधी आहे. कापसाचं टोक पिळून दोऱ्याइतकं बारीक करायचं आणि बाजूने हळूच कॉर्नियाला लावायचं. निरोगी माणूस झटकन डोळा मिटतो, काही जण तर माझा हात ढकलतात. बधिर डोळ्याचा पेशंट शांतपणे विचारतो, "केलंत का सुरू?" त्यानंतर डोळ्यात पिवळा-नारिंगी रंग घालून निळ्या प्रकाशात बघितलं की सोललेली जागा हिरवी चमकते. एक लक्षात ठेवा: डोळ्याचं प्रेशर मोजताना बरेचदा बधिर करणारे थेंब घालतात, त्यामुळे कापसाची तपासणी त्याआधी करून घ्यायला सांगा.

सकाळच्या धूसरपणाची कारणं वेगवेगळी असतात. पापण्या मिटून उघडल्यावर क्षणभर स्वच्छ दिसत असेल तर बहुतेक कोरडेपणा. उठल्यावर धुकं आणि दुपारपर्यंत आपोआप निवळत असेल तर कॉर्नियाला सूज असू शकते. कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या पेशी पाणी बाहेर उपसत असतात, त्या मेल्या की नव्या तयार होत नाहीत आणि डायबिटीसमध्ये त्यांची ताकद कमी पडते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर या पेशी आधी मोजून घ्या. आणि साखर वर-खाली होत असेल तर डोळ्यातल्या भिंगामुळे नंबरच बदलत राहतो. अशा वेळी नवा चष्मा करू नका, साखर काही आठवडे स्थिर राहू दे.

दुकानातून मनाने थेंब आणू नका, विशेषतः स्टेरॉइडचे. जखमेत जंतू असतील तर ते भडकतात आणि लाली उतरल्यामुळे सगळं ठीक वाटत राहतं. कोरडेपणासाठी दिवसातून बऱ्याचदा थेंब घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेले मागा. डोळा लाल आहे, पाणी येतंय, नजर कमी झालीय पण दुखत नाही, असं झालं तर त्याच दिवशी दाखवा.

पडद्याची वार्षिक तपासणी चालूच ठेवा, पण पुढच्या वेळी "कॉर्नियाही बघा" असं स्पष्ट सांगा. आणि पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला; वडील आपणहून सांगतील असं वाटत नाही.